तारेकडून पत्त्याकडे



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. दूरचित्रवाणीच्या यंत्रांना नेटवर्कवरचे पत्ते कसे देतात, हा का वसंतातल्या संध्याकाळी ऐकण्याचा विषय? आणि त्याचा म्हणे इतिहास! इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तह आणि बखरी येतात. परंतु पत्ता ही मोठी विलक्षण वस्तू आहे. ती दिसत नाही, तिला वजन नाही, आणि तरीही ती चुकली की माणूस माणसाला भेटत नाही. यंत्रांचेही तसेच आहे. म्हणून आपण थोडा धीर धरावा, अशी माझी प्रारंभीच विनंती आहे.

एक प्रसंग सांगून सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी एका स्टुडिओत मी रात्रभर बसलो होतो. सकाळी थेट प्रक्षेपण व्हायचे होते आणि त्यासाठी एक जादा कॅमेरा, त्याच्या नियंत्रक यंत्रासह, भाड्याने आणला होता. तो जोडला, आणि थोड्याच वेळात भलत्याच कॅमेऱ्याचा ताबा सुटू लागला. क्षणभर त्याचा प्रकाश कमीजास्त करता यावा, पुढच्या क्षणी त्याने हुकूम ऐकेनासा व्हावे. केबली बदलून पाहिल्या. यंत्रे बंद करून पुन्हा चालू केली. एकाने तर देवाला नारळही कबूल केला. पहाटे तीनच्या सुमारास उलगडा झाला. जुने नियंत्रक यंत्र आणि नवे, दोन्ही एकाच कारखान्यातून आलेली. आणि कारखान्याने दोघांनाही जन्मतःच एकच पत्ता देऊन ठेवला होता. जुन्याचा पत्ता कोणी कधी बदललाच नव्हता, कारण तोवर तशी गरजच पडली नव्हती. दुरुस्ती पाच मिनिटांची होती. शोध चार तासांचा ठरला.

त्या रात्री माझ्या मनात प्रश्न आला की, हे संकट पूर्वी का येत नव्हते? पन्नास वर्षांपूर्वीच्या स्टुडिओत दोन कॅमेऱ्यांची अशी गल्लत होणे शक्य होते काय? उत्तर असे की, शक्य नव्हते. का शक्य नव्हते, आणि मग का शक्य झाले, एवढेच आज मला सांगायचे आहे.

लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीचे नियमित दूरचित्रवाणी प्रक्षेपण २ नोव्हेंबर १९३६ रोजी सुरू झाले. तेव्हापासून पुढे कित्येक दशके स्टुडिओचा कारभार एका साध्या तत्त्वावर चालला: एक चित्र, एक तार. कॅमेऱ्यातून निघालेली तार नियंत्रण कक्षात येई, आणि ती ज्या खोबणीत खोवली असेल ती खोबण म्हणजे तो कॅमेरा. कोणते चित्र कोठून आले असा संशय पडला तर अभियंता तार हातात धरून तिच्या मागे मागे चालत जाई. तारेचे दुसरे टोक खोटे बोलत नसे.

या खोबण्यांच्या फळ्या स्टुडिओवाल्यांनी टेलिफोनवाल्यांकडून उसन्या घेतल्या होत्या. टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये त्या आधीपासूनच होत्या आणि तेथे बसलेली मुलगी दोरीने दोन खोबण्या जोडून देई. आता या मुलींवर विश्वास किती ठेवायचा, यावरून अमेरिकेत एक मजेदार प्रकरण घडले, असे सांगतात. कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्रौजर नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचा धंदा अंत्यसंस्काराची व्यवस्था करून देण्याचा. गावात दुसरा एक व्यावसायिक होता आणि त्याची बायको एक्स्चेंजमध्ये कामाला होती. आपली गिऱ्हाइके ती आपल्या नवऱ्याकडे वळवते, असा स्ट्रौजर यांचा ग्रह झाला. कथा खरी असो वा रचलेली, त्यांनी मधला माणूसच काढून टाकणारे यंत्र शोधले, आणि १८९१ साली त्याचे पेटंट मिळवले. पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातील ला पोर्त या गावी तसले एक्स्चेंज सुरूही झाले. बोलणाऱ्याने क्रमांक फिरवावा आणि त्या क्रमांकानेच यंत्राचा हात एकेक पायरी सरकत इच्छित तारेवर जाऊन टेकावा.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्ट्रौजर यांचा क्रमांक म्हणजे जागेचेच दुसरे नाव होते. कोणत्या पायरीवर कितवी तार, एवढेच तो सांगत होता. स्टुडिओतही पुढे हाताच्या दोऱ्या जाऊन बुद्धिबळाच्या पटासारखी यंत्रे आली. आडव्या रांगांत येणारी चित्रे, उभ्या रांगांत जाणाऱ्या वाटा. ज्या घरात बटण दाबाल तेथे दोन्ही जुळतात. याही यंत्रात सातवे चित्र म्हणजे सातव्या खोबणीतली तार. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा जगभरच्या स्टुडिओंत हाच न्याय चालू होता. पुढे चित्राचे अंकांत रूपांतर करण्याची कला आली आणि १९८२ साली त्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले. एका तारेतून सेकंदाला २७ कोटी शून्य-एक वाहू लागले. मोठ्या आकाराच्या स्पष्ट चित्रासाठी ही संख्या दीडशे कोटींच्या घरात गेली. पण तत्त्व तेच राहिले: एक चित्र, एक तार, एकच दिशा. तार हाच पत्ता असल्यामुळे वेगळ्या पत्त्याची गरजच नव्हती.

आता आपण स्टुडिओतून बाहेर पडू आणि दुसऱ्या एका घराण्याची वंशावळ पाहू. कारण पत्ता जन्माला आला तो तिकडे.

१९६९ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील दोन संगणकांमध्ये पहिला निरोप गेला. या जाळ्याचे नाव आर्पानेट. त्यातली नवी युक्ती अशी की, दोघांच्या संभाषणासाठी एक तार अडवून ठेवायची नाही. निरोपाचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा एका पाकिटात घालायचा, पाकिटावर पत्ता लिहायचा आणि ते सामाईक तारेवर सोडून द्यायचे. आपल्या टपालाचीच रीत ही! एका रस्त्याने हजारो लोकांची पत्रे जातात, आणि प्रत्येक पत्र आपल्या घरी पोचते ते रस्त्यामुळे नव्हे, पाकिटावरच्या अक्षरांमुळे.

आर्पानेटचा पहिला पत्ता मोठा आटोपशीर होता. त्यात आठ बिट, म्हणजे शून्य किंवा एक लिहिण्याच्या आठ जागा होत्या. सहा जागांत ठाण्याचा क्रमांक, दोन जागांत त्या ठाण्यावरच्या यंत्राचा. म्हणजे ६४ ठाणी आणि प्रत्येक ठाण्यावर चार यंत्रे. हा पत्ताही तसा खोबणीचाच होता; यंत्र एका खोबणीतून काढून दुसऱ्या खोबणीत घातले की त्याचा पत्ता बदले. पुढे व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली वेगवेगळी जाळी एकमेकांस जोडण्याचा आराखडा मांडला, १९८१ साली बत्तीस बिटांचा पत्ता प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला, आणि १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने जुनी पद्धत टाकून नवी स्वीकारली. बत्तीस बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावतात. आपण ही संख्या एका प्रयोगापुरती ठरवली होती, असे सर्फ यांनी पुढे सांगितले आहे. प्रयोग संपला नाही आणि पत्ते मात्र संपत आले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती कोठारातले शेवटचे पाच गठ्ठे वाटून झाले.

या पत्त्यांची वाटणी कोण करीत होते? प्रारंभीची अनेक वर्षे मुख्यतः एकच माणूस. जॉन पोस्टेल हे त्यांचे नाव. कोणता क्रमांक कोणाला दिला याची नोंद ते ठेवीत. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी ते निवर्तले. ज्यांची नोंदवही बिनचूक आहे असा सर्वांचा विश्वास असतो, अशी माणसे जगात थोडी असतात. आणि त्यांच्या हयातीत त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते.

आपल्याकडेही एक असे नाव आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतीय टपाल खात्याने सहा अंकांचा पिनकोड सुरू केला. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. संस्कृतातले कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी, असे हे दुहेरी व्यक्तिमत्त्व. पिनकोड आणि मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र दीड-दोन महिन्यांच्या अंतराने सुरू व्हावे, हा निव्वळ योगायोग होय. पण माझ्या विषयाला तो मोठा सोयीचा आहे. पिनकोडाचा पहिला अंक देशाचा मोठा विभाग सांगतो, पहिले तीन अंक पत्रे वेगळी करण्याचा जिल्हा सांगतात, आणि उरलेले तीन त्यातले टपालघर. ४११ पाहिले की मुंबईचा कारकून पुढचे अंक न वाचताच पाकीट पुण्याच्या थैलीत टाकतो.

नेटवर्कवरचा पत्ता अगदी असाच असतो. बत्तीस बिटांचे चार भाग करतात आणि प्रत्येक भाग शून्यापासून २५५ पर्यंतच्या अंकांत लिहितात. उदाहरणार्थ १९२.१६८.१०.२५. यातला किती भाग पेठेचा आणि किती घराचा, हे सांगण्यासाठी पत्त्याबरोबर आणखी एक संख्या द्यावी लागते. तिला मास्क म्हणतात, आणि ती बहुधा २५५.२५५.२५५.० अशी असते. अर्थ असा की, पहिले तीन अंक पेठेचे, शेवटचा घराचा. अशा पेठेत २५४ घरे बसतात. तिसरी गोष्ट गेटवे. आपण तिला वेस म्हणू या. पेठेबाहेर जाणारे पाकीट वेशीवर नेऊन द्यायचे, पुढचे वेसकर पाहील. पत्ता, मास्क आणि वेस या तीन गोष्टी यंत्रात भरल्या की ते यंत्र त्या गावचे रहिवासी झाले. स्टुडिओतला नवा उमेदवार पहिल्या दिवशी हेच शिकतो.

यात मास्क चुकला तर फार गमतीचे प्रकार होतात. यंत्राला वाटते शेजारी परगावी राहतो, म्हणून ते शेजाऱ्याचे पत्रही वेशीवर धाडते. किंवा परगावचा माणूस शेजारीच आहे असे समजून गल्लीत हाका मारीत बसते. हाका मारणे हे मी अलंकाराने म्हणत नाही. १९८२ साली डेव्हिड प्लमर यांनी जी रीत लिहून ठेवली ती हीच आहे. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून अठ्ठेचाळीस बिटांचा एक जन्मक्रमांक मिळालेला असतो, आणि पेठेतली पाकिटे शेवटी या जन्मक्रमांकावरच पोचती होतात. म्हणून यंत्र गल्लीत उभे राहून विचारते, "१९२.१६८.१०.२५ कोणाचे घर?" ज्याचे असेल तो ओ देतो आणि आपला जन्मक्रमांक सांगतो. विचारणारा त्यावर निमूट विश्वास ठेवतो. आणि दोघांनी ओ दिली तर? तर ज्याची हाक शेवटी ऐकू आली तो खरा. माझ्या त्या रात्रीच्या कोड्याचे उत्तर एवढेच होते. एकाच घराचे दोन मालक आळीपाळीने ओ देत होते.

मग पत्ते वाटण्याचे काम यंत्रावरच का सोपवू नये, असे आपण विचाराल. तशी सोय १९९३ पासून झाली आहे. नवे यंत्र आले की ते पत्ता मागते आणि एक मध्यवर्ती यंत्र त्याला काही मुदतीपुरता पत्ता भाड्याने देते. आपल्या घरातले फोन असेच जगतात. तथापि स्टुडिओवाले या भाडेपद्धतीकडे साशंकतेने पाहतात. नियंत्रण कक्षातील फलकाला कॅमेरा ठरलेल्या पत्त्यावरच सापडला पाहिजे. भाडेकरूने उद्या बिऱ्हाड बदलले तर प्रक्षेपणाच्या ऐन मुहूर्तावर शोधायचे कोठे? म्हणून ते पत्ते स्वतः लिहून ठेवतात, किंवा वाटणाऱ्या यंत्राला बजावतात की या जन्मक्रमांकाला हाच पत्ता कायम द्यायचा. आणि पत्ता मागूनही कोणीच उत्तर दिले नाही, तर पुष्कळ यंत्रे १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता स्वतःच धारण करतात. तो अंक दिसला की जाणता माणूस ओळखतो, या बिचाऱ्याची वास्तपुस्त कोणी केलेली नाही.

इथपर्यंत नेटवर्कवरून यंत्रांना फक्त हुकूम जात होते. चित्र आपल्या स्वतंत्र तारेतूनच चालले होते. खरा पालट झाला तो चित्रच पाकिटात शिरले तेव्हा. अमेरिकेतील चित्रपट आणि दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संस्थेने २०१७ साली त्याचे प्रमाण प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. स्टुडिओत ते २११० या क्रमांकाने ओळखले जाते. त्यात चित्र, ध्वनी आणि सोबतची माहिती हे तीन प्रवाह वेगळे केले. केवढा हा प्रवाह! आडवे १९२० आणि उभे १०८० असे चित्राचे ठिपके, प्रत्येक ठिपक्याला सरासरी वीस बिट, सेकंदाला पंचवीस पूर्ण चित्रे. गुणाकार करून पाहा, १०३ कोटी ६८ लाख बिट होतात. कार्यालयात साधारणपणे जी शंभर कोटींची केबल असते तिच्यात असले एकही चित्र मावत नाही. म्हणून स्टुडिओत दहापट, पंचवीसपट, शंभरपट वेगाच्या वाटा बांधाव्या लागल्या. वेल्समधील कार्डिफ येथे बीबीसीने नवे केंद्र उभारले ते याच पद्धतीवर.

पण एका कॅमेऱ्याचे चित्र एकाच ठिकाणी जायचे नसते. ते दिग्दर्शकापुढे हवे, मुद्रणयंत्रात हवे, प्रक्षेपणाच्या वाटेवरही हवे. प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवू लागलो तर वाटा तुंबतील. गावभर दवंडी पिटली तर ज्यांना नको त्यांच्याही दारात पूर येईल. यावरचा तोडगा स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीव्ह डीअरिंग यांनी आधीच काढून ठेवला होता, आणि १९८९ साली तो प्रमाण झाला. त्याला मल्टिकास्ट म्हणतात. मी त्याला वर्गणीची पद्धत म्हणतो. २२४ पासून २३९ पर्यंतच्या अंकांनी सुरू होणारे पत्ते कोणत्याही यंत्राचे नसतात. ते वर्तमानपत्राच्या नावासारखे असतात. ज्याला हवे त्याने वर्गणीदार व्हावे. वाटेतले स्विच फक्त वर्गणीदारांच्या दारातच अंक टाकतात.

पत्त्याच्या इतिहासातले हे तिसरे पर्व होय. प्रथम पत्ता जागेचा होता. मग तो यंत्राचा झाला. आता तो चित्राचा झाला. कॅमेऱ्याचा पत्ता वेगळा, आणि त्यातून निघणाऱ्या चित्राचा वेगळा, ध्वनीचा आणखी वेगळा. तार हातात धरून चालत जाण्याचे दिवस संपले. एकाच तारेतून आता अनेक चित्रे जातात आणि तारेला त्यांतले एकही ओळखता येत नाही.

आणि येथे जुन्या काटकसरीचा एक व्रण अजून ठसठसतो. वर्गणीच्या पत्त्याचे अठ्ठावीस बिट जन्मक्रमांकांच्या भाषेत लिहायचे तर क्रमांकांचे सोळा गट विकत घ्यावे लागले असते. पैशाच्या टंचाईने एकच गट घेतला गेला आणि त्यातलाही अर्धाच डीअरिंग यांच्या वाट्याला आला, अशी कथा या क्षेत्रात सांगतात. कारण काहीही असो, परिणाम निश्चित आहे: अठ्ठाविसांपैकी तेवीसच बिट उतरतात, आणि बत्तीस वेगवेगळे पत्ते एकाच क्रमांकावर येऊन पडतात. २३९.१.१.१ आणि २३९.१२९.१.१ हे कागदावर दोन पत्ते. गल्लीत मात्र एकच. त्याहून वाईट म्हणजे २३९.०.० किंवा २३९.१२८.० ने सुरू होणारे पत्ते. ते नेटवर्कच्या स्वतःच्या कारभारासाठी राखलेल्या क्रमांकांवर उतरतात, आणि ती पाकिटे तर स्विच सर्वांनाच वाटतो. कोणी अजाणतेपणी असला पत्ता चित्राला दिला की शंभर कोटींचा लोंढा दारोदार शिरतो. गेल्या शतकातली ती काटकसर आज अशी वसूल होते.

दोन कॅमेऱ्यांना एकच वर्गणीचा पत्ता दिला, तर पाहणाऱ्याच्या यंत्रात दोन चित्रांची पाकिटे मिसळून येतात आणि पडद्यावर कोणतेच चित्र धड उमटत नाही. तारेच्या युगात ही चूक करायची म्हटले तरी करता आली नसती. म्हणून आता स्टुडिओंत नोंदणीची यंत्रे आली आहेत. प्रत्येक उपकरण आल्याबरोबर आपले नाव, गाव आणि आपण काय देतो-घेतो ते तेथे नोंदवते. परंतु कोणत्या चित्राला कोणता पत्ता द्यावा याची योजना आखणारा शेवटी माणूसच असतो, आणि यंत्र ती योजना निमूटपणे पाळते, मग ती चुकीची का असेना.

श्रोतेहो, स्ट्रौजर यांना मधला माणूस नको होता. त्यांनी टेलिफोनची मुलगी काढली. पण क्रमांकांची यादी करणारा आलाच. आर्पानेटने तार अडवणे सोडले. पण पोस्टेल यांना नोंदवही उघडावी लागली. विश्वासाची जागा यंत्राने घेतली असे दर वेळी वाटते, आणि दर वेळी विश्वास फक्त एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकलेला असतो. पूर्वी तो तारेवर होता. आज तो वहीवर आहे. ज्या संस्थेत वही नीट आहे तिथले चित्र स्थिर आहे. हा नियम स्टुडिओपुरताच आहे काय, याचा विचार मी आपल्यावर सोपवतो. आपल्या सात-बाराच्या उताऱ्यांत, मतदारांच्या याद्यांत, रुग्णालयांच्या नोंदींत एका क्रमांकावर दोन माणसे आली म्हणजे काय होते, हे आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

त्या रात्रीची हकिकत पुरी करतो आणि आपली रजा घेतो. सकाळचे प्रक्षेपण वेळेवर झाले. पाहणाऱ्यांना काहीच कळले नाही, आणि कळू नये हेच आमच्या कामाचे यश. दुपारी तिथल्या सर्वांत तरुण मुलाने दोनशे पानी वही आणली, रेघा आखल्या, आणि पहिल्या ओळीवर जुन्या यंत्राचा नवा पत्ता लिहिला. कारखान्यातून आलेले कोणतेही यंत्र आधी वहीत आणि मग जाळ्यात, असा नियम त्याने मुखपृष्ठावर लिहून टाकला. पुढे ती वही संगणकात गेली असे कळले. पण नियम तोच आहे.